तेरा-आठच का?

वहीच्या शेवटच्या पानावर त्या मुलानं तीन आकडे लिहिले होते : १२, ३, ६. वही माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "सर, तेरा-आठच का ओ? तेरा-दहा का नाही?" मी मुख्य पंचाच्या खुर्चीत होतो आणि उत्तर मला माहीत होतं.

मी मूळचा बुद्धिबळाचा पंच. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत वाढलेल्या माणसाला हे वेड कुठून लागलं हे सांगावं लागत नाही. बावीस वर्षं पटांच्या रांगांमधून फिरलो, फेऱ्यांच्या जोड्या लावल्या, बुखोल्झचे गुण (बरोबरी फोडायला धरलेली प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज) आधी हातानं आणि मग संगणकावर मोजले. गेल्या हिवाळ्यात विश्रामबागेत व्हॅलोरंट या संगणकावरच्या नेमबाजीच्या खेळाची दोन दिवसांची स्पर्धा झाली. "जोड्या लावणं कळणारा माणूस हवा" म्हणून आयोजकांनी मला बोलावलं. गावांची नावं मी खाली मुद्दाम बदलली आहेत. पोरं विशीच्या आतबाहेरची आहेत.

खेळ असा : पाच विरुद्ध पाच, आधी तेरा राउंड जिंकेल तो संघ विजयी. बारा-बारा झालं तर दोनची आघाडी लागते. प्रत्येक राउंडआधी साठलेल्या क्रेडिटमधून हत्यारं घ्यायची. पंच दिवसभर खेळ बघत बसतो असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात त्याची सकाळ वीस संगणकांवर गेमचं अपडेट उतरेपर्यंत वाट पाहण्यात जाते आणि दुपार कुणाचा माऊस चालत नाही, कुणाचा पासवर्ड आठवत नाही यात.

सोळा संघ आले होते. मानांकन ठरवायला आयोजकांनी सोपा उपाय काढला : पाचही खेळाडूंची गेममधली रँक घ्यायची आणि सरासरी काढायची. मी तेव्हाच म्हणालो होतो की हे बरोबर नाही. ती रँक एकट्याच्या खेळाची असते, अनोळखी साथीदारांबरोबर रात्ररात्र खेळून चढलेली. पाच जण एकत्र कसे खेळतात, हे तिला माहीत नसतं. शिवाय ज्याच्या घरी चांगलं नेट आहे आणि ज्याला वेळ आहे, त्याची रँक चढते. जतच्या संघातला एक मुलगा गावातल्या एकुलत्या एका कॅफेत आठवड्यातून दोनदा खेळायचा. त्याची रँक सिल्व्हर, म्हणजे खालची होती आणि नेम कितीतरी वरच्या डायमंडवाल्यांसारखा. अर्पाद एलोंची रेटिंगची पद्धत फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, १९७० मध्ये घेतली, तेव्हापासून बुद्धिबळातही रेटिंगवरून भांडणं आहेतच. पण निदान नव्या खेळाडूचा आकडा अजून कच्चा आहे हे ती पद्धत मान्य करते. पहिल्या तीस डावांपर्यंत त्याचा के-गुणक ४० असतो, म्हणजे आकडा पटापट वर-खाली होऊ दिला जातो. पुढे मार्क ग्लिकमन यांच्या ग्लिको पद्धतीत तर प्रत्येक रेटिंगबरोबर त्याची अनिश्चितताही लिहिली जाते. आमच्या सरासरीत असलं काही नव्हतं. जतचा संघ गटात शेवटच्या मानांकनावर गेला.

आता स्वरूपाकडे येतो, कारण माझी सही तिथं आहे. मी स्विस पद्धत सुचवली होती. काउंटर-स्ट्राइक या अशाच दुसऱ्या खेळाच्या मोठ्या स्पर्धांत असते तशी : तीन जिंकले की पुढे, तीन हरले की घरी, आणि प्रत्येक फेरीत सारख्या गुणांचे संघ समोरासमोर. तिचं मोठं सुख म्हणजे शेवटच्या फेरीत दोन-दोन बरोबरीवरचेच संघ उरतात आणि दोघांनाही जिंकावंच लागतं. पण सोळा संघांना त्यात ३३ सामने लागतात. आमच्याकडे वीस संगणक, म्हणजे एका वेळी दोन सामने, एकेकाला पन्नास मिनिटं. एका दिवसात ते बसत नव्हतं. चार-चारच्या गटात साखळी घेतली तर २४ सामने, दहा तासांत संपतात. मी गटसाखळीला होकार दिला. गटातले पहिले दोन पुढे. उपांत्यपूर्व फेरीत 'अ' गटाचा पहिला विरुद्ध 'ब' गटाचा दुसरा, आणि 'ब'चा पहिला विरुद्ध 'अ'चा दुसरा. हे सगळं आधीच छापून भिंतीवर लावलं होतं.

पहिला घोळ सकाळीच झाला. 'अ' गटात सांगलीचा संघ होता, स्पर्धेतला सगळ्यांत तगडा. त्यांच्या पहिल्या सामन्यात वीज गेली. जनरेटर लागला, पण एका पोराचा संगणक परत सुरूच होईना. तांत्रिक अडचणीला नियमात दहा मिनिटं होती. एकविसावा संगणक भाड्यानं आणा असं मी दोनदा सांगितलं होतं. पाहुण्यांच्या शाली-श्रीफळाला पैसे होते, एका जादा संगणकाला नव्हते. अकराव्या मिनिटाला मी चौघांनाच खेळायला सांगितलं. ते ९–१३ हरले. पुढचे दोन्ही सामने जिंकूनही गटात दुसरेच राहिले, कारण त्यांना हरवणारा संघ तीनही जिंकला. म्हणजे दुपारी चारच्या सुमारास सगळ्यांना कळलं होतं की 'ब' गटात जो पहिला येईल, त्याची गाठ सांगलीशी.

'ब' गटात विटा, मिरज, जत आणि तासगाव. दोन फेऱ्यांनंतर विटा दोन्ही जिंकून +१२ वर, म्हणजे हरलेल्यापेक्षा जिंकलेले राउंड बारा जास्त. मिरजेचा एक विजय, +३. जतचाही एक विजय, −१. त्यांनी मिरजेला १३–१० हरवलं होतं. तासगाव दोन्ही हरलेलं. उरलेले सामने जत-तासगाव आणि विटा-मिरज. हे दोन्ही एकाच वेळी व्हायला हवे होते. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात हिहोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी १–० नंतर खेळायचंच सोडलं, कारण त्याच गटातल्या अल्जीरियाचा सामना आदल्या दिवशी संपला होता आणि तो निकाल दोघांनाही पुरत होता. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होतात. आमच्याकडे वीस संगणक होते, म्हणजे ते सहज जमलं असतं. पण बाजूचे दहा मोकळे पडले होते, आणि विटा-मिरज मंचावर, गर्दीसमोर, पाच वाजता हवा होता. जतचा सामना एक तास अलीकडे घ्यायची चिठ्ठी माझ्याकडे आली आणि मी सही केली.

त्यामुळे जतच्या पोरांना आधीच्या सामन्यानंतर पंधरा मिनिटंसुद्धा विश्रांती मिळाली नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीत एक कुस्ती संपते न संपते तोच पुढच्या कुस्तीला मॅटवर बोलावलं, हे आमच्या भागात पोरासोरांनाही ठाऊक असतं. ते सांगताना माझाही आवाज चढतो. त्या दिवशी मी तेच केलं. तरीही पोरांनी तासगावला १३–६ हरवलं आणि +६ वर आली.

आता विटा जिंकलं तर जत दुसरं. मिरज जिंकलं तर तिघांचे दोन-दोन विजय, आणि विट्यानं जतला, जतनं मिरजेला, मिरजेनं विट्याला हरवलेलं; आपसातला निकाल बघून काही सुटत नाही. मग राउंडचा फरक. विटा चार किंवा त्याहून कमी राउंडनं हरलं तर विटाच पहिलं राहतं, म्हणजे सांगली समोर येते. सात किंवा जास्त राउंडनं हरलं तर विटा बाहेर. पाच किंवा सहा राउंडनं हरलं तरच विटा दुसरं येतं, सांगली टळते. आणि तसं झालं की मिरज पहिलं, जत घरी.

मध्यंतराला विटा ७–५ नं पुढे होतं. पुढे ८–८ झालं. विट्याच्या प्रशिक्षकानं टाइमआउट घेतला आणि पोरांसमोर एक कागद धरला. त्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही. त्यानंतरचे पाच राउंड मात्र मी मॉनिटरवर नंतर चार वेळा पाहिले आहेत. प्रत्येकाकडे चार हजारांवर क्रेडिट होती. व्हॅन्डल ही मोठी बंदूक २९०० ला येते, मोठं चिलखत हजाराला. त्यांनी आठशेचं पिस्तूल घेतलं आणि एकेक जण धावत जाऊन मेला. पाचव्या राउंडला, १२–८ वर, त्यांच्यातल्या सगळ्यांत लहान पोरानं सवयीनंच तिघांना टिपलं. समोर दोघे उरले. स्पाइक, म्हणजे राउंड जिंकायला ठरल्या जागी लावायचा बॉम्ब, त्याच्याच पाठीवर होता, जागा दहा पावलांवर. तो एका खोक्यामागे जाऊन उभा राहिला. घड्याळ संपेपर्यंत तो पडद्याकडे बघतच नव्हता, प्रशिक्षकाकडे बघत होता. १३–८. विटा +७, मिरज +८, जत +६. मिरजेची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

जतच्या कप्तानानं वही तेव्हा आणली.

आमच्या नियमावलीत 'जाणूनबुजून हरल्याचं सिद्ध झाल्यास संघ बाद' असं वाक्य होतं. मी प्रशिक्षकाला बोलावलं. तो म्हणाला, पोरं दमली होती, पैसे वाचवत होती, शेवटचा पोरगा घाबरला. आयोजक म्हणाले, आता वाढवू नका, उद्या बक्षीस समारंभ आहे. मी निकाल कायम ठेवला आणि 'पुरेसा पुरावा नाही' असं लिहून दिलं.

तो निर्णय मला आजही पटत नाही, पण उलटा निर्णय दिला असता तर पटला असता असंही नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरी बॅडमिंटनच्या चार जोड्या मुद्दाम हरत होत्या म्हणून बाद केल्या गेल्या. आठ खेळाडू. त्याआधी ऑलिंपिकमध्ये थेट बाद फेरी असायची. लंडनला गटसाखळी आणली आणि पुढची गाठ कुणाशी हे आधीच दिसू लागलं. शिक्षा खेळाडूंना झाली. नंतर महासंघानं नियम बदलला : गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांसाठी पुन्हा सोडत. ही गोष्ट मी पंचांच्या शिबिरात नव्या मुलांना स्वतः सांगतो. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयही मला नाही. गट संपल्यावर सगळ्यांसमोर चार चिठ्ठ्या काढल्या असत्या तर दुसरं येण्यात कुणाचाच हिशेबी फायदा उरला नसता. त्याला जादा संगणक लागत नव्हता, जादा तास लागत नव्हता. त्या खोक्यामागे उभ्या राहिलेल्या पोराला बाद करताना मी माझ्या सहीची शिक्षा त्याला दिली असती. आणि त्याला बाद न केल्यामुळे ती जतच्या पाच जणांनी भोगली. शेवटच्या मानांकनाचा संघ, सिल्व्हर रँकची पोरं, दोन सामने जिंकून संध्याकाळच्या एसटीनं परत गेली.

दुसऱ्या दिवशी विटा अंतिम सामन्यापर्यंत गेलं आणि सांगलीकडून हरलं.

महिन्याभरानं विट्याचा प्रशिक्षक मला एका बुद्धिबळ स्पर्धेत भेटला. त्याची भाची खेळत होती. चहा घेताना त्यानं विषय काढला. कबूल काही केलं नाही, पण म्हणाला, "एक विचारू का सर? शेवटच्या फेरीत पहिल्या पटावर दोघं दहा चालींत बरोबरी करून हात मिळवतात, बक्षीस वाटून घेतात. तेव्हा तुम्ही निकालपत्रावर सही करताच की."

करतो. बावीस वर्षं करतोय. मी त्याला म्हणालो की बरोबरी हा खेळातलाच निकाल आहे, दोघंही अर्धा गुण सोडतात. तो मान हलवून गेला. रात्री मात्र कुपवाडची एक जुनी स्पर्धा आठवली. चौथ्या पटावरची एक मुलगी शेवटचा डाव चार तास खेळून जिंकली. पहिल्या पटावर बारा मिनिटांत बरोबरी झाली होती, आणि त्या बरोबरीनंतर बुखोल्झमध्ये ती अर्ध्या गुणानं मागे पडून चौथी आली. बक्षिसं तीन होती. तिच्या वडिलांनी मला विचारलं होतं, "हे कसं काय ओ?" मी त्यांना बुखोल्झ म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं.

यंदाच्या स्पर्धेची नियमावली माझ्याकडे आली आहे. सोडतीचं कलम मी घातलंय, गटातले शेवटचे सामने एकाच वेळी हेही. एकविसाव्या संगणकाशिवाय मी येणार नाही असं कळवलंय. जतच्या कप्तानाला मसुदा पाठवला. त्यानं लगेच उलट विचारलं : "सर, सोडतीच्या चिठ्ठ्या कोण काढणार?"