किती ओढे झाले?

गाडीखालचं ऑइल कधी आणि कसं बदलायचं, ते तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हा विषय मी काढला की आमच्या घरातली माणसं एकेक करून उठून जातात.

नांदेडजवळच्या अर्धापूरला वजनकाट्याच्या रांगेत गाडी लावली की शेजारचा पिकअपवाला उतरतो, उगं इकडंतिकडं बघतो आणि वाकून माझ्या गाडीखाली डोकावतो. पुढच्या चाकांकडं गेलेला शाफ्ट दिसला की प्रश्न ठरलेला. "काका, फोर बाय फोर हाय व्हय? मग खालचं ऑइल किती किलोमीटरला बदलता? आणि घरीच बदलता म्हणं. कामून?"

मी किलोमीटर मोजत नाही, ओढे मोजतो, असं सांगितलं की त्याला वाटतं काकांनी विषय टाळला.

इंजिनाचं ऑइल सगळेच बदलतात. ते काळं पडतं, दांडी काढून बघता येतं, कमी झालं तर समोर दिवा लागतो. गिअरबॉक्सच्या मागं काय चाललंय ते मात्र कुणाला दिसत नाही. साध्या पिकअपच्या मागच्या एक्सलला मधोमध भोपळ्यासारखा गोळा असतो, तो डिफरन्शियल, आलेली ताकद डाव्या-उजव्या चाकांना देणारा. गॅरेजात नुसतं 'डिफरन्स' म्हणतात. फोर बाय फोरला, म्हणजे चारी चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीला, असाच एक धाकटा गोळा पुढं असतो, आणि गिअरबॉक्सला पाठीमागून चिकटलेली ट्रान्सफर केस असते, ती इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देते. म्हणजे ऑइलच्या जागा तीन. तिन्हींना दांडी नाही, दिवा नाही. आतलं ऑइल खराब झालं तरी गाडी महिनोन्‌महिने बिनतक्रार पळते, आणि खरा घोळ तिथंच आहे.

मी ही गाडी 2018 साली जुनी घेतली ती केळीसाठी. इसापूर धरणाच्या कालव्यावरची आमची काळी जमीन पिकाला सोन्यासारखी आणि गाडीला वैऱ्यासारखी. पाऊस पडला की टायरच्या खाचा चिखलानं भरतात आणि टायरचा गुळगुळीत गोटा होतो. घड तयार झाला की व्यापारी सांगेल त्या दिवशी कटाई करावी लागते, वाफसा यायची वाट बघत बसता येत नाही. ट्रॅक्टर आहे, पण ट्रॉलीत आदळून घडाला डाग पडला की भाव पडतो. म्हणून फोर बाय फोर.

घेताना मी इंजिन ऐकलं, टायर बघितले, कागद तपासले. खालचं ऑइल बघायचं डोक्यातच आलं नाही. पुढं सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा विचारलं, तर पोरगा म्हणाला, "डिफरन्सची लेव्हल बघितली, फुल हाय." लेव्हल फुल होती हे खरंच होतं. कशानं फुल होती ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

2019 च्या पावसाळ्यात मागून आवाज यायला लागला. पन्नासच्या पुढं गेलं की भोंग्यासारखा एक लांब सूर, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की सूर बदलायचा. टायरचा आवाज असा पाय उचलल्यावर बदलत नाही. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी टायर आलटून-पालटून बघितले, आणि त्यानंही भागेना तेव्हा टेपचा आवाज वाढवला. शेवटी नांदेडच्या रस्त्याला, आसना नदीचा पूल पुढं दिसत असताना, हौद्यात दोन टन माल घेऊन मागून कडकड झालं आणि गाडी थांबली.

नांदेडच्या उस्तादांनी खालचा नट काढला. डब्यात पडलं ते ऑइल वाटेना. दुधाळ, भुरकट, वर फेस. उस्तादांनी बोट बुडवून बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, अंदर तो चाय पक गई." क्राऊनचे, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाचे, तीन दात गेलेले, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचं बेअरिंग गंजलेलं. क्राऊन-पिनियनचा जोड, बेअरिंगा, सीलं आणि मजुरी मिळून तीस हजारांच्या वर गेलं. तिन्ही जागचं ऑइल मिळून पाच लिटरच्या आत-बाहेर लागतं आणि ते दोन-अडीच हजारांत येतं. मधले सगळे पैसे माझ्या आळसाचे.

पण पाणी आत गेलं कुठून, हे मला पटेना. गोळा तर चारी बाजूंनी बंद. उस्तादांनी एक्सलच्या माथ्यावरचं नखाएवढं टोपण दाखवलं. तो ब्रीदर. गाडी पळाली की डिफरन्स तापतो, आतली हवा फुगते आणि त्या टोपणातून बाहेर जाते. थंड झाला की तेवढी हवा परत आत येते. आता माल भरून वीस किलोमीटर पळालेली गाडी तुम्ही थंडगार ओढ्यात घातली की आतली हवा एकदम आकसते, आणि टोपण पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणीच ओढलं जातं. माझं टोपण तर चिखलानं लिंपून वाळलेलं होतं. मग डिफरन्स पाणी ओढतो ते ऑइल सीलच्या, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीच्या रबरी कड्याच्या, ओठातून. सील आतलं ऑइल आत ठेवायला केलेलं असतं. बाहेरून आत खेचणारा जोर त्याला नेहमी अडवता येत नाही. उलट उन्हाळ्यात तेच बुजलेलं टोपण आत दाब साठवतं आणि सीलातून ऑइल बाहेर ढकलतं. आपण सील बदलतो, पुन्हा गळतं, पुन्हा बदलतो, आणि दोष दुकानदाराला देतो.

म्हणून ओढे. माझ्या पुस्तिकेत 40,000 किलोमीटरचा आकडा आहे, पाण्या-चिखलातली गाडी असेल तर त्याच्या आधी बदला असंही खाली बारीक अक्षरांत आहे. आमची गाडी वर्षाला बारा-तेरा हजार चालते. आकड्यावर विसंबलो असतो तर तीन पावसाळे तो चहा आत उकळत राहिला असता. चाकाचा हब, म्हणजे मधला भाग, बुडेल इतक्या पाण्यातून गेलो की मी तो एक ओढा धरतो आणि दाराच्या आत खडूनं रेघ मारतो. तशा रेघा पाच झाल्या की गाडी रात्रभर उभी ठेवतो. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसतं. सकाळी खालचा नट चार आटे ढिला करायचा आणि पहिले थेंब बघायचे. स्वच्छ ऑइल आलं तर परत आवळायचा, पाणी आलं किंवा रंग दुधाळ दिसला तर सगळंच बदलायचं. आणि काही दिसो न दिसो, दसरा झाला, पाऊस सरला, की वर्षाचा एक बदल ठरलेला.

ब्रीदरला पुढं मी नळी जोडून वर चॅसीच्या पट्टीला बांधली. पहिल्यांदा ठिबकची नळी लावली होती, शेतकऱ्याला दुसरं काय सुचणार. ती उष्णतेनं ताठ होऊन तडकली. मग डिझेलची रबरी नळी आणली. 2024 च्या सप्टेंबरात सुरुवातीलाच नांदेड-हिंगोली-परभणीकडं अतिवृष्टी झाली, तेव्हा पाणी ओसरल्यावर आठवडाभर मी चिखल-पाण्यातूनच ये-जा केली. दसऱ्याला नट काढला तर ऑइल काळपट होतं, पण चहा नव्हता.

ऑइल कोणतं, हा पुढचा प्रश्न असतो. दुकानात जाऊन नुसतं 'नाइंटी नंबर द्या' म्हणू नका. नव्वद हा जाडपणा झाला, त्याच्या शेजारी ऑइलचा प्रकार, जीएल-4 की जीएल-5, लिहिलंय तेही वाचा. डिफरन्सचा पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली बसवलेला असतो, त्यामुळं दातावर दात नुसता टेकत नाही, घासत सरकतो. त्या दाबाखाली साध्या ऑइलचा थर फाटतो. जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसची जी औषधं असतात ती दाताच्या पृष्ठभागावर राखणदारासारखी बसतात. पण हेच गंधक काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना खातं, म्हणून तिथं बऱ्याचदा जीएल-4 सांगतात. ट्रान्सफर केसचं तर प्रत्येक गाडीचं वेगळं. माझ्या गाडीला गिअर ऑइलच आहे, काहींना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ लाल एटीएफ लागतं. तिथं शेजाऱ्याचं ऐकायचं नाही, स्वतःच्या गाडीची पुस्तिका उघडायची. मागं मी 80डब्ल्यू-90 घालतो. मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत भरलेल्या गाडीला काहीजण जाड 85डब्ल्यू-140 घालतात, पुस्तिकेत परवानगी असेल तर चालतंय.

आता घरी कामून बदलतो ते. गॅरेजवाल्यावर राग नाही, पण खालून काय निघालं हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं असतं. माझ्या गाडीच्या ड्रेनच्या, म्हणजे खालच्या, नटाला लोहचुंबक आहे. त्यावर काजळासारखा मऊ करडा लेप असेल तर बिनघोर राहा, दात एकमेकांना लागून तेवढं झिजतच असतं. बोटांत चोळून बघायचं. तांदळाच्या कणीएवढं काही टोचलं, तर ऑइल बदलून भागणार नाही, गोळा उघडावा लागणार. ही खबर गॅरेजात फडक्यानं पुसली जाते.

पहिल्या वेळी मी जो गाढवपणा केला तोही सांगून टाकतो. पॅकिंग शेडच्या कोब्यावर गाडी लावली, दहा-बारा किलोमीटर फिरवून आणलेली, ऑइल कोमट. चाकांना मागून-पुढून दगड, हँडब्रेक. सगळं शिस्तीत. खालचा नट काढला, ऑइल बादलीत, मन खुश. मग भरायचा वरचा नट फिरवायला गेलो. हलेना. चौकोनी खाचेचा नट, आधीच्या कुणीतरी पान्याला पाइप लावून आवळलेला. मी जोर लावला तसे खाचेचे कोपरे गोल झाले. गाडी रिकाम्या डिफरन्सची, व्यापारी सकाळी सहाला येणार, आणि गावात वेल्डिंगवाला एकच, तो लग्नाला उमरखेडला गेलेला. रात्री अकराला तो आला, नटावर दुसरा जुना नट वेल्ड केला, त्या उष्णतेनंच तो सुटला. तेव्हापासून आधी वरचा नट ढिला करतो, मगच खालच्याला हात लावतो. तिन्ही जागी. तांब्याचे वॉशर दर वेळी नवे, आणि पान्याला पाइप कधीच नाही.

भरायला गाडीखाली डबा वाकवता येत नाही, म्हणून हौद्यात नरसाळं बांधतो, त्याला पारदर्शक नळी, नळीचं टोक वरच्या भोकात. डबा आधी तासभर उन्हात ठेवला की ऑइल नीट उतरतं. सपाट जागेवर गाडी असताना भोकातून बाहेर सांडायला लागलं की भरलं. त्यापुढं कोंबायचं नाही. निघालेलं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजच्या ड्रममध्ये टाकतो, तिथून गोळा करणारे घेऊन जातात. बांधाला किंवा विहिरीकडं ते ओतणारा माणूस मी बघितलाय, त्याच्याशी बोलत नाही. आणि वास. गंधकाचा तो वास दोन दिवस हातांतून जात नाही, बायको ताट लांबून सरकवते.

साधी टू-व्हील ड्राइव्ह गाडी असेल तर तुमचं काम एकाच गोळ्यात उरकतं, पण ओढ्याचा हिशोब तोच. आणि फोर बाय फोरवाल्यांनो, कोरड्या डांबरावर लिव्हर फोरमध्ये ठेवून पळवू नका. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर जातात, डांबर चाकांना घसरू देत नाही, आणि सगळी ओढाताण ट्रान्सफरच्या पोटात साठते.

परवा काट्यावर पुन्हा एक पोरगं भेटलं. नुकतीच जुनी गाडी घेतलेली, मागून भोंगा वाजतो म्हणाला. मी विचारलं, ओढे किती झाले? त्यानं बोटं मोजायला सुरुवात केली, एक हात संपला, दुसराही संपला, मग हसला. म्हणलं रविवारी शेडवर घेऊन ये. आणि येण्याआधी वरचा नट सुटतो का, तेवढं बघून ये.