नवं कपलिंग हंगामभरही का टिकेना

मिरकरवाड्यातल्या एका ट्रॉलरची तक्रार: आयडलला गिअर टाकला की खडखड, आणि नवं रबर कपलिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा लवचिक सांधा) हंगामभरही टिकत नाही. सहा सिलिंडरचं जुन्या पद्धतीच्या पंपाचं डिझेल इंजिन, फ्लायव्हीलला कपलिंग, मागे वेगळ्या पायावर गिअरबॉक्स. मालकाने कपलिंगमधल्या रबर ब्लॉकचा नवा संच आणूनच ठेवला होता. फक्त बसवून द्या, म्हणाला.

कपलिंगवरची संरक्षक जाळी काढली तर खाली काळा चुरा. एक ब्लॉक करवतीने उभा कापला. वरून किरकोळ भेगा, पण गाभा डांबरासारखा चिकट. डिझेल-ऑइल लागलेलं रबर बाहेरून फुगतं. अलाइनमेंट (दोन्ही शाफ्ट एका रेषेत असणं) गेलं तर कडा झिजून चुरा पडतो. गाभा जातो तो पिळाच्या झटक्यांनी: दर झटक्याला रबर आतून तापतं आणि ती उष्णता बाहेर पडत नाही. इथे चुरा आणि गाभा दोन्ही, म्हणजे दुखणीही दोन.

आयडलला एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपचा नट सैल करून पाहिला, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. (हातमोजे, चष्मा हवाच, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या इंजिनावर, हा उद्योग अजिबात नको.) पाच ठिकाणी इंजिन दबलं, चौथ्याला ढिम्म, म्हणजे तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. सहा सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत सहा ठोके पडतात. एक ठोका चुकला की दर दोन फेऱ्यांना एक हिसका. 700 आरपीएमला मिनिटाला 350 हिसके, तेही मंद, म्हणजे कपलिंगला सर्वांत जड जाणारे. नोझल बदलल्यावर खडखड बरीच ओसरली.

मग अलाइनमेंटसाठी डायल गेज, बारीक फरक मोजणारं काट्याचं माप. ब्लॉक काढून दोन्ही शाफ्ट बरोबर फिरवले. कडेवर काटा 1.4 मिमी फिरला. खरा फरक त्याच्या निम्मा, 0.7. इंजिनाचं मागचं डावं माउंटिंग (इंजिन टेकतं तो आधार) दबून खाली बसलं होतं. हे माप बोट पाण्यात असतानाच घ्यावं. ओढून वर घेतलेल्या बोटीचा सांगाडा वेगळा बसतो, तिथलं अलाइनमेंट पाण्यात उतरताच बिघडतं. आधी गिअरबॉक्स पंख्याच्या शाफ्टशी जुळवला, नंतर इंजिन गिअरबॉक्सशी. उलट क्रमाने केलं तर सगळं पुन्हा करावं लागतं.

ब्लॉक साबणाच्या पाण्याने सरकवले, ग्रीस नाही. संच पूर्ण बदलला, कारण जुना मऊ ब्लॉक मागे राहिला की भार नव्यांवर येतो. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळले. मालकाला जुन्यातले बरे दिसणारे दोन स्पेअर म्हणून हवे होते. तेही कापून दाखवले; आतून तेच डांबर.