काळी गाडी सगळ्यात अवघड

रेसिंग गेममधली गाडी प्लास्टिकची वाटली की सगळे रंगाला नावं ठेवतात. मला तरी खोट बहुतेक वेळा आजूबाजूला सापडते. चकचकीत गाडीवर आपण रंग थोडा आणि परिसर जास्त बघत असतो. काळ्या गाडीत तर रंग असा उरतच नाही, जे दिसतं ते सगळं प्रतिबिंब.

मी हौशी गेमसाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये गाड्या बनवते. पण हे डोक्यात शिरलं ते वडोदऱ्यात, मकरपुऱ्याकडे मामाच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात. लांबी (पुट्टी) भरून, घासून, प्रायमर मारून झाला की मामा दारावर पाणी मारतो आणि वाकून त्यात ट्यूबलाईट बघतो. "अगं, रंग काय बघतेस, ट्यूब बघ!" ट्यूबची रेघ सरळ गेली तर दार सरळ. कुठे लचकली की पुन्हा पॉलिश पेपर. मीही आता आधी मॉडेलला निव्वळ आरशासारखं मटेरियल देते, वर लांबलचक पांढरे दिवे टांगते आणि गाडी हळूहळू फिरवते. दाराच्या हँडलपाशी आणि पेट्रोलच्या झाकणाभोवती रेघ हमखास थरथरते. तिथली जाळी, म्हणजे ज्या बारीक तुकड्यांनी मॉडेलचा आकार बनतो ती, नीट होईपर्यंत रंगाला हात लावायचा नाही.

मग थर. खाली रंग, त्यात मेटॅलिक असेल तर ॲल्युमिनियमचे बारीक कण, वर पारदर्शक क्लिअर कोट. कण साधारण आडवे पडलेले असतात, म्हणून समोरून सिल्व्हर उजळ दिसतो आणि तिरपं बघितलं की गडद होतो. स्प्रे गनचा दाब किंवा अंतर बदललं की कण वेगळे बसतात, आणि एकाच डब्यातल्या रंगाचं बोनेट नि फेंडर जुळत नाही. मामाची निम्मी भांडणं यावरूनच. गेममध्ये याच कणांचा त्रास निराळा: गाडी लांब गेली की ते मुंग्यांसारखे वळवळतात. म्हणून अंतराबरोबर ते विरवून तेवढा खरखरीतपणा वाढवायचा.

क्लिअर कोटवर सरळ समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के परततो. अगदी तिरप्या कोनात जवळजवळ सगळा. वडोदऱ्यातल्या सूरसागर तलावाच्या काठावर उभं राहा: पायाशी हिरवं गढूळ पाणी, आणि लांब, शंकराच्या मूर्तीकडे, नुसतं आकाश. तेच गणित. हा फरक न ठेवता सगळीकडे सारखी चमक दिली की गाडी खेळण्यातली दिसते.

या ४ टक्क्यांमुळेच, गाडीत प्रतिबिंब म्हणून दाखवायचा परिसराचा फोटो एचडीआर लागतो, म्हणजे उजेडाचा खरा फरक साठवणारा. साध्या फोटोत सूर्य आणि पांढरी भिंत दोन्ही सारखेच पांढरे. त्याचे ४ टक्के म्हणजे बोनेटवर मळका करडा ठिपका. खरा सूर्य ४ टक्क्यांतही डोळे दिपवतो.

गेममध्ये गाडी पळत असते, म्हणून परिसर क्यूब मॅपमध्ये, म्हणजे गाडीभोवतीच्या सहा बाजूंच्या चित्रांत, पुन्हा पुन्हा काढावा लागतो, तोही कमी तपशिलात. नुसतं स्क्रीनवर आहे त्यातूनच प्रतिबिंब काढलं तर कॅमेऱ्यामागचं झाड दारात येणार कुठून? रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा माग काढणं, हे सोडवतं, पण संगणकाला महाग पडतं. ग्रॅन टुरिस्मो ७ हा रेसिंग गेम २०२२ मध्ये आला तेव्हा ते रिप्ले, फोटो आणि गॅरेजपुरतंच होतं, शर्यतीत नाही. मला हे पटतं. ताशी दोनशेच्या वेगात दारातलं झाड बघायला कोणाला सवड आहे!

सध्या मी धुळीवर अडकले आहे. आपल्याकडची गाडी स्वच्छ असतेच कुठे? छत आणि बोनेटवर धूळ जास्त, दारांवर कमी, चाकांमागे चिखलाचे शिंतोडे. धूळ आली की तिथली क्लिअर कोटची चमक उतरवायची, रंग जरा भुरका करायचा, एवढंच. मामाला दाखवलं तर म्हणाला, "छान आहे, पण गिऱ्हाइकाला अशी देऊ नकोस, धुऊन दे."