तिसरा बिंदू

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. स्नेहसंमेलनं आणि सहलींवर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते आमच्या बीजगणिताच्या बाईंनी वार्षिक परीक्षेआधी करून घेतलेल्या आलेखांच्या तयारीबद्दल.

पुस्तकात समीकरणं आणि आलेख ही वेगवेगळी प्रकरणं होती. बाई उजळणीला ती एकत्रच घेत. समीकरण सोडवलं की लगेच आलेख काढायचा, आणि आलेखावरून उत्तर वाचलं की ते समीकरणात घालून ताडून पाहायचं. रेने देकार्त या फ्रेंच गणितज्ञानं १६३७ मध्ये छापलेल्या पुस्तकात बीजगणित आणि भूमिती यांची सांगड घातली, हे त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. ‘त्यानं जोडलेलं तुम्ही कशाला तोडता?’ असं त्या विचारायच्या.

रेषेला दोन बिंदू पुरतात. बाई कोष्टकात तीन मागायच्या. तिसरा बिंदू साक्षीदार, असं त्यांचं म्हणणं. तो रेषेवर बसला नाही, तर तिघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. पट्टी बाजूला ठेवा आणि आधी कोष्टक तपासा. क्ष + य = ५ साठी (०, ५), (५, ०) आणि (२, ३). २क्ष − य = ४ साठी (०, −४), (२, ०) आणि (४, ४). दोन्ही रेषा काढल्या की त्या (३, २) मध्ये छेदतात, आणि गंमत म्हणजे हा बिंदू दोन्ही कोष्टकांत नाही. मग समीकरणांची बेरीज करायची: ३क्ष = ९. कागदावर दिसलेलं उत्तर आकडेमोडीतूनही तेच आलं की जो भरवसा वाटायचा, तो मी शाळेत दुसऱ्या कुठल्याही विषयात अनुभवला नाही.

२क्ष + ३य = ६ आणि ४क्ष + ६य = १५ ही जोडी सोडवायला घेतली, की पहिल्याची दुप्पट करून वजाबाकी केल्यावर ० = ३ उरतं. वर्गात लगेच खोडरबर निघायचे. बाई म्हणायच्या, खोडू नका, काढून बघा. रेषा समांतर निघायच्या. त्या कुठेच भेटत नाहीत, म्हणून उत्तरही नाही.

पण खरी मजा वर्गसमीकरणांची. य = क्ष² − क्ष − २ या वक्राचं कोष्टक केलं तर क्ष = ० ला य = −२, आणि क्ष = १ लाही −२. बहुतेकांच्या वहीत हे दोन बिंदू पट्टीनं जोडलेले असायचे आणि वक्राचा तळ सपाट व्हायचा. बाई ओरडायच्या नाहीत. त्या दोन बिंदूंच्या मधोमध पेन्सिलीचं टोक टेकवून विचारायच्या, ‘इथे य किती?’ क्ष = १/२ घालून पाहिलं की उत्तर यायचं −२ १/४. तळ खाली गेला, गोल झाला, आणि परीक्षेला पट्टी सोडून मोकळ्या हातानं वक्र का काढायचा हे न सांगता कळलं.

एकदा त्यांनी एकाच आलेख कागदावर तीन वक्र काढायला लावले: क्ष² − ४क्ष + ३, मग शेवटची संख्या ४, मग ५. पहिला वक्र क्ष-अक्षाला १ आणि ३ वर छेदतो, दुसरा २ वर नुसता टेकतो, तिसरा अक्षाच्या वरच राहतो. आकार तोच, फक्त दर वेळी एक घर वर सरकलेला. विवेचकाच्या, म्हणजे समीकरणाला वास्तव मुळं (उत्तरं) किती हे सांगणाऱ्या ब² − ४अक या संख्येच्या, किमती आल्या ४, ० आणि −४. तोवर विवेचक म्हणजे आम्ही पाठ केलेलं एक सूत्र होतं. त्या दिवसानंतर तो धन असला की वक्र दोनदा छेदताना डोळ्यांसमोर दिसायचा, आणि वास्तव मुळं नाहीत म्हणजे नेमकं काय, हेही.

बाकी तयारी नेहमीचीच. प्रमाण वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचं, अक्षांना नावं द्यायची, टोकदार पेन्सिल, आणि कोष्टक उत्तरपत्रिकेत ठेवायचंच, कारण वक्र जरा बिघडला तरी त्याचे गुण मिळतात. पेपरात आलेखाचा प्रश्न आला तेव्हा वक्र कुठे वळणार याचा अंदाज मी कोष्टकाआधीच बांधला होता.

आता पडद्यावर समीकरण टाकलं की वक्र क्षणात उमटतो. ते मला आवडतं, संख्या बदलून वक्र सरकताना बघायला तर फारच. माझी शाळेला एवढीच विनंती आहे, की चौकटी आखलेला तो जुना फळा काढून टाकू नये. मुलांनी पडद्यावर पाहण्याआधी तीन बिंदू तरी त्याच्यावर स्वतःच्या हातानं मांडावेत.