चाकू, खिळा आणि सायकलचा स्पोक

रविवारी जुन्या बाजारातून ८० रुपयांत एक गंजका घडीचा चाकू आणला होता. आज तो सुटा करायला बसलो. पातं मुठीत धरून ठेवणारी पितळी पिन, म्हणजे रिव्हेट, जेमतेम २.५ मिलिमीटरचा आणि तो ठोकून बाहेर काढायचा माझ्याकडचा सगळ्यात बारीक पंच ३ चा! मग काँक्रीटचा खिळा घेतला आणि टोक घासून सपाट केलं, सारखं पाण्यात बुडवत. (तापून निळा पडला की कडकपणा गेलाच. आधीचा एक खिळा असाच वाया घालवलाय.) सागवानाच्या तुकड्याला ४ मिलिमीटरचं भोक पाडलं, रिव्हेटचं फुगलेलं डोकं कानशीनं उडवलं, चाकू भोकावर ठेवून हलके तीन ठोके... टुपकन खाली.

"अरे, शेजारचे काका झोपलेत!" आई आतून. दुपारचा दीड वाजलेला. पुण्यात हा गुन्हाच.

जोडताना खरी पंचाईत. स्प्रिंगचा दाब सांभाळत पात्याचं आणि मुठीचं भोक एका रेषेत आणायचं म्हणजे तीन हात हवेत. सायकलच्या स्पोकचा तुकडा टोकाला निमुळता करून आत सरकवला, तेव्हा कुठे जमलं. पातं आता 'टक्' करून मिटतं. गंज अजून आहेच. शिलाई मशीनच्या तेलात रात्रभर बुडवून ठेवलाय.