पाठवू की नको?

भर दुपारी ग्रिलवरच्या बुलबुलावर कॅमेरा रोखावा आणि कॅमेऱ्याने पडद्यावर ‘एरर ०१’ (म्हणजे लेन्सशी संपर्क तुटला) लिहून दाखवावं, यापरता पाणउतारा नाही. पहिला उपाय सगळ्यांना पाठ असतो: लेन्स काढा, मागची सोनेरी टोकं कोरड्या सुती कापडाने पुसा, परत बसवा. कॅननच्या जुन्या २४-१०५ एफ ४ या झूम लेन्सला मात्र तेवढ्याने भागत नाही. एफ ४ ला, म्हणजे ॲपर्चर (उजेड आत सोडणारं पात्यांचं भोक) पूर्ण उघडं असताना, ती मुकाट फोटो काढते; एफ ८ करून ते बारीक केलं की एरर. ॲपर्चरकडे जाणारी चपटी फ्लेक्स केबल झूमसोबत वाकत राहते आणि वर्षानुवर्षं त्याच घडीवर वाकून एक दिवस तुटते. एफ ४ ला पाती हलवावीच लागत नाहीत, म्हणून तिथे पितळ उघडं पडत नाही.

मग पंचाईत. कंपनीकडे धाडायची की पुण्याच्या बुधवार पेठेत न्यायची? कंपनी बहुधा ॲपर्चरचा अख्खा भागच बदलते आणि बिलही अख्खंच लावते. पेठेतला कारागीर नुसती केबल बदलून देतो. पण केबलपर्यंत पोचायला लेन्स उलगडावी लागते, आणि जोडताना भिंगांचा गट केसभर तिरका बसला तरी एक कोपरा कायमचा धूसर. म्हणून देण्याआधी आणि आल्यावर तिची परीक्षा घ्यावी. छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर सपाट चिकटवायचं, कॅमेरा भिंतीला अगदी समोरासमोर ट्रायपॉडवर, दोन सेकंदांचा टायमर, ॲपर्चर पूर्ण उघडं. चारही कोपऱ्यांतल्या ‘वधू पाहिजे’ सारख्याच वाचता आल्या पाहिजेत.

कारागिराच्या हातात स्क्रूड्रायव्हर कोणता, तेही बघून घ्यावं. जपानी स्क्रूंची खाच जेआयएस, म्हणजे जपानी मानकाची असते; नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने डोकी झिजतात. आपटलेली लेन्स असेल तर मात्र काटकसर नको, थेट कंपनी. भिंगं सरळ बसली की नाही हे मोजायची यंत्रं तिच्याकडे असतात.

पाठवताना फिल्टर काढून ठेवा, सीरियल नंबरचा फोटो घ्या. आणि चिठ्ठीत ‘चालत नाही’ लिहू नका. ‘७० मिमी झूमला एफ ८ वर एरर ०१, एफ ४ वर नाही’ असं लिहा.

कॅमेऱ्यासोबतच मिळणारी १८-५५ ची किट लेन्स असेल तर हा सगळा खटाटोप फुकट. दुरुस्तीच्या पैशांत तसलीच दुसरी जुनी मिळून जाते. ठाऊक सगळ्यांना असतं. तरी माणूस ‘किती होतील?’ विचारायला जातोच, आकडा ऐकतो, ‘बघतो’ म्हणतो आणि लेन्स पिशवीत घालून घरी येतो.