कर्ज नाही, म्हणून पत नाही

अमेरिकेत आल्याआल्या क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला आणि आठवड्याभरात नकाराचं पत्र हातात पडलं. कारण एका ओळीचं: क्रेडिट हिस्टरी, म्हणजे उधारी घेतल्या-फेडल्याची नोंद, अपुरी. नोकरी होती, पगार बरा होता, कुणाचं एका पैचं देणं नव्हतं. मला वाटत होतं, हीच तर माझी जमेची बाजू!

इथे सगळं अडतं फायको स्कोअरपाशी. बिल फेअर हा इंजिनिअर आणि अर्ल आयझॅक हा गणितज्ञ, या दोघांनी १९५६ साली काढलेल्या कंपनीचा हा आकडा, तुम्ही उधारी फेडाल का याचा अंदाज सांगणारा. १९८९ पासून चालू आहे. ३०० ते ८५० मध्ये तुम्ही कुठेतरी बसता. त्यात पगार धरतच नाहीत. सुमारे ३५ टक्के वजन देणी वेळेवर फेडलीत का याला, ३० टक्के सध्या किती देणं आहे याला. मी फेडलं नव्हतं, कारण घेतलंच नव्हतं.

शेवटी सिक्युअर्ड कार्ड घेतलं. ५०० डॉलर अनामत ठेवायची, मग ५०० ची मर्यादा मिळते. म्हणजे माझेच पैसे भरवशाला ठेवून मी उधार घेणार. हसू आलं, पण सही केली.

तिसऱ्या महिन्यात विमानाचं तिकीट काढलं, ४३० डॉलरचं. मुदतीआधी सगळं बिल भरलं, तरी स्कोअर घसरला! ऑफिसातल्या एकाने कोडं सोडवलं. बँक साधारणपणे बिल निघेल त्या दिवशीची बाकी उधारीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांना कळवते, आणि त्यावरून स्कोअर ठरतो. तुम्ही नंतर भरलेत हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मला ठाऊक होतं, पण इथे पाऊण अंथरूण, म्हणजे कार्डाची बरीचशी मर्यादा, मोकळं ठेवावं लागतं. तेव्हापासून बिल निघायच्या आधीच पैसे भरते.

वर्षभराने अनामत परत आली. गाडीच्या कर्जाला गेले, तेव्हा शोरूममधल्या माणसाने स्क्रीनवर नजर टाकली आणि त्याचा सूरच मवाळ झाला. व्याजाचा दरही मैत्रिणीपेक्षा कमी लागला. तिचा पगार माझ्याहून जास्त. पण एकदा तिचा हप्ता ३० दिवसांच्या पुढे गेला होता. असा डाग उधारीच्या नोंदींच्या रिपोर्टवर ७ वर्षं राहू शकतो. आणि मी दर महिन्याच्या १ तारखेला न चुकता भरलेलं घरभाडं? त्याची कुठे नोंदच नाही. बहुतेक घरमालक ते कळवत नाहीत. याचा मला अजून राग आहे.

गेल्या महिन्यात गाडीचा शेवटचा हप्ता भरला. मोठ्या ऐटीत स्कोअर उघडला, तर ११ गुण कमी! हप्त्यांचं एकुलतं एक चालू खातं बंद झालं होतं ना. नवऱ्याला दाखवलं, तर म्हणतो, “मग आता घराचं काढूया.”